पॅटनचे रिव्हॉल्व्हर

खंडेनवमीला आपल्याकडे तलवारीची पूजा होते, तशीच सुताराच्या करवतीची आणि शिंप्याच्या कातरीचीही होते. ज्या वस्तूने वर्षानुवर्षे हाताला साथ दिली तिच्याविषयी कृतज्ञ राहावे, हा त्यातील भाव. हा भाव केवळ आपल्याच मातीतला आहे असे नव्हे. अमेरिकेचा सेनापती जॉर्ज पॅटन याने एक रिव्हॉल्व्हर जवळजवळ तीस वर्षे जपले व वापरले. त्या लोभाची हकीकत सांगावी, आणि जमल्यास त्याची पारखही करावी, असा आमचा हेतू आहे.

१९१६ च्या मार्चमध्ये पॅटनने टेक्सासमधील एल पासो येथे हे हत्यार घेतले. तेव्हा तो तीस वर्षांचा साधा लेफ्टनंट होता. कोल्ट कंपनीचे, .४५ बोअरचे, चांदीचा मुलामा दिलेले व नक्षी कोरलेले असे ते रिव्हॉल्व्हर. मूठ हस्तिदंती, तिच्यावर त्याची आद्याक्षरे. परंतु मुळात घडण जुनी, अमेरिकन लष्कराने १८७३ साली स्वीकारलेली. १९११ मध्ये तर लष्कराने स्वयंचलित पिस्तूल पत्करले होते. या रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक बाराला अंगठ्याने चढवावा लागे, रिकामी काडतुसे एकेक करून बाहेर ढकलावी लागत. घर सहा काडतुसांचे; तथापि धक्क्याने बार उडू नये म्हणून जाणती माणसे घोड्याखालचे घर मोकळे ठेवून पाचच भरीत.

त्याच महिन्यात, ९ मार्चला, मेक्सिकोतील बंडखोर पांचो व्हिया याच्या लोकांनी सीमेवरील कोलंबस गावावर छापा घातला. त्याचा पाठलाग करण्यास जनरल पर्शिंग सैन्यासह मेक्सिकोत शिरले. पॅटन त्यांच्या दिमतीस होता. १४ मे रोजी तो तीन मोटारींतून काही शिपायांसह मका खरेदी करण्यास निघाला आणि वाटेत सान मिगेलितो येथील वाड्याशी थांबला. व्हियाचा एक सरदार, हुलिओ कार्देनास, तेथे असावा असा त्याला संशय होता. आतून तीन घोडेस्वार गोळ्या झाडीत बाहेर पडले. पॅटनने आपली पाचही काडतुसे उडवली आणि गोळ्यांच्या माऱ्यात नवी भरली. चकमक संपली तेव्हा कार्देनाससह तिघे ठार झाले होते. पॅटनच्या बाजूस कोणास इजा नव्हती.

लोभाचे मूळ येथे आहे. जिवावरच्या प्रसंगी जे दगा देत नाही त्यावर मन जडतेच. पॅटनने पुढे हस्तिदंती मुठीवर दोन खाचा पाडल्या. मारलेल्या माणसांची ही मोजदाद. गोळ्या मात्र त्या दिवशी अनेकांनी झाडल्या होत्या. खाचा एकाच मुठीवर पडल्या. लाडक्या हत्याराची आठवण अशी आपल्या सोयीची असते.

१९३५ मध्ये हवाई बेटांवर असताना त्याने अधिक जोरकस असे दुसरे रिव्हॉल्व्हर घेतले. म्हणून जुने पेटीत गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅटन रणगाड्यांच्या फौजा हाकीत होता, आणि रणगाड्यांच्या लढाईत सेनापतीच्या पाच काडतुसांनी काही होत नसते. तरीही १८७३ च्या घडणीचे ते हत्यार त्याच्या कमरेला दिसे. सैनिकांनी आपला सेनापती दुरून ओळखावा, असे त्याचे मत होते. मुठीला कोणी मोत्याच्या शिंपल्याची म्हटले की तो चिडे. ती हस्तिदंती आहे, असे बजावून सांगे. जुने हत्यार अशा रीतीने साधनाचे चिन्ह झाले आणि चिन्हाचा स्वभाव बनला.

या स्वभावाची दुसरी बाजू ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीत दिसली. लष्करी इस्पितळात युद्धाच्या ताणाने खचलेला एक शिपाई पाहून पॅटनचा तोल गेला. त्याने शिपायाला भित्रा म्हटले, थोबाडीत मारली आणि कमरेच्या पिस्तुलाला हात घातला. तो शिपाई शत्रूचा नव्हता, त्याच्याच फौजेतला होता. काही दिवसांपूर्वी आणखी एका शिपायाशी तो असाच वागला होता. वरिष्ठ सेनापती आयझेनहॉवर यांनी त्याला माफी मागावयास लावली. हात शस्त्राला सरावतो एवढेच आपण पाहतो. शस्त्रही हाताला सवय लावते, हे सहसा पाहत नाही.

डिसेंबर १९४५ मध्ये जर्मनीत मोटार अपघातात जबर दुखापत होऊन पॅटन वारला. त्याचे रिव्हॉल्व्हर पुढे अमेरिकेत फोर्ट नॉक्स येथील त्याच्याच नावाच्या संग्रहालयात आले. त्याच्या निष्ठेला आम्ही नावे ठेवीत नाही. जुन्या वस्तूला टाकून न देणे हा गुणच आहे. परंतु करवतीची पूजा करताना आपण तिने कापलेल्या लाकडाचे दार-खिडक्याही पाहतो. शस्त्रावर लोभ जडला तर त्याच्या कामाचा हिशेबही असाच समोर ठेवावा. पॅटनच्या मुठीवर चांदी, नक्षी आणि आद्याक्षरे यांच्याइतक्याच त्या दोन खाचाही आहेत, आणि त्या दोन माणसांच्या आहेत.