वीणेची तार आणि शिकवणाऱ्याची भाकर



दिंडीत टाळकरी शंभर असोत, वीणेचा मान एकाचाच. सप्ताह बसला की वीणा सात दिवस भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाऱ्याला उभा राहणारा बिदागी मागत नाही. ती सेवा आहे. पण ज्यांनी सारा जन्म तारेवर काढला आणि प्रपंचही त्याच तारेवर चालवला, त्यांचं काय? शताब्दीच्या निमित्तानं त्यांचीही आठवण व्हावी, म्हणून हे चार शब्द.

आपल्याकडे अजून विचारतात, "पोराले हे काऊन शिकवता गा? वाजवून पोट भरते काय?" प्रश्न खोटा नाही. नुसतं वाजवून पोट फार थोड्यांचं भरलं. बाकीच्यांनी शिकवलं, आणि शिकवलं म्हणूनच विद्या टिकली.

तंबोऱ्याचा भोपळा पिकतो पंढरपूरच्या आसपासच्या शेतांत. तो वाळून मिरजेच्या कारागिरांकडे जातो आणि तिथं त्याचा तंबोरा, सतार होते. त्याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचा मुलगा गाणं शिकला. ते विष्णु दिगंबर पलुस्कर. तोवर कलावंताला आधार होता तो मुख्यतः संस्थानिकांचा. राजाची मर्जी फिरली की भाकर गेली. पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फी, वर्ग, परीक्षा अशी शिस्त लावली. 1931 मध्ये ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. आज लहान गावातला मास्तर 'प्रवेशिका', 'मध्यमा'ला पोरं बसवतो आणि चार पैसे मिळवतो, त्याची मुळं तिथं आहेत.

दुसरा आधार रेडिओचा. 1940 साली आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली, ती जवळजवळ तीस वर्षं टिकली. पेटीवाल्यांचं नुकसान झालं, पण साथीला सारंगी-व्हायोलिनची गरज वाढली. नागपूर केंद्र 1948 मध्ये सुरू झालं.

पंडित गजाननराव जोशी (1911–1987) यांच्या आयुष्यात हे सगळं एकत्र दिसतं. वडील अंतुबुवा औंध संस्थानचे गवई. गजाननराव गाणं वडिलांकडे आणि रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिकले. व्हायोलिन मात्र बरंचसं स्वतःच्या कष्टानं साधलं. मैफली केल्या, आकाशवाणीत नोकरी केली आणि जन्मभर शिकवलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचे पंडित उल्हास कशाळकर त्यांचेच शिष्य. वऱ्हाडच्या मातीतल्या गळ्याला औंधच्या घरातली विद्या मिळाली, ती एका व्हायोलिन वाजवणाऱ्या गुरूमुळं.

व्ही. जी. जोग यांचंही तसंच. सातारा जिल्ह्यातला माणूस, लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात शिकवलं, आकाशवाणीत राहिले, आणि मोठमोठ्या वादकांबरोबर जुगलबंद्या केल्या. 1983 मध्ये पद्मभूषण मिळालं. डी. के. दातारांनी विष्णु दिगंबरांचे पुत्र द. वि. पलुस्करांकडून विद्या घेतली आणि तेच गाणं व्हायोलिनवर आणलं. कीर्तनकाराच्या घरातून निघालेला सूर असा तिसऱ्या पिढीत तारेवर आला.

ही मोठी नावं. यांच्यामागं शेकडो अनाम मास्तर आहेत. सकाळी शाळेत नोकरी, संध्याकाळी घरी क्लास, रात्री कुठं भजनाला साथ. कार्यक्रमाची बिदागी कधी नारळ-शाल, कधी एसटीचं भाडं. तरी शिष्याची तार बेसूर लागली तर जेवण सोडून उठणारी ही माणसं.

आता आपलं. परतवाडा छावणीचं गाव. इथं दरबार नव्हता. जे आलं ते भजनी मंडळातून आणि अशा मास्तरांच्या ओसरीवरून आलं. आज दिंडीत मृदंगाला पोरं मिळतात, पण वीणेच्या तारा कानानं जुळवणारे दोघं-तिघंच उरले. बाकीचे मोबाइलवरचा तंबोरा लावतात. मोबाइल सूर देतो, पण चुकलेल्याचा कान धरत नाही.

म्हणून मंडळाला एकच विनंती. मंडपाला, भंडाऱ्याला आपण हात सैल सोडतो. त्यातलाच एक वाटा दरसाल तारा शिकवणाऱ्या मास्तराच्या नावानं काढावा. मानधन द्यावं, उपकार म्हणून नव्हे. वीणेकऱ्यानं सेवा फुकट करावी, ते शोभतं. शिकवणाऱ्यानं उपाशी राहून शिकवावं, हे कोणत्याही धर्मात बसत नाही.

पुढच्या शंभरीत वीणा कोणाच्या तरी गळ्यात असेलच. ती सुरात असावी, एवढंच पांडुरंगाजवळ मागणं.