वीस ब्राउनिंग, तीन काडतुसे

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग. बदली होऊन निघालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा तो समारंभ होता. औरंगाबादेहून आलेल्या अनंत लक्ष्मण कान्हेरे या कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्याने तेथेच जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. एवढे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. आजचा थ्रेड त्या रात्रीच्या पिस्तुलाविषयी आहे, आणि त्याहून अधिक, पिस्तुलात बसणाऱ्या काडतुसाविषयी.

पिस्तूल कोठून आले ते १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात नोंदले आहे. फेब्रुवारी १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकरांनी पॅरिसहून वीस ब्राउनिंग पिस्तुले काडतुसांसह मिळवली. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकी असलेल्या चतुर्भुज अमीनच्या सामानातील एका पेटीच्या चोरतळात ती दडवून मुंबईस धाडली. पेटी पोहोचण्यापूर्वीच, २ मार्चला, बाबाराव सावरकरांना अटक झाली होती. तरी पिस्तुले ठिकठिकाणी पोहोचली.

आता ‘ब्राउनिंग’ या शब्दापाशी थोडे थांबू. जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकी शस्त्ररचनाकार. त्याची पिस्तुले बेल्जियममधील लिएजजवळच्या एर्स्ताल येथे एफएन कारखान्यात बनत. १९०९ पर्यंत त्या कारखान्याची तीन प्रमुख पिस्तुले बाजारात होती: १९०० चे ७.६५ मिलिमीटरचे, १९०३ चे ९ मिलिमीटर ‘लाँग’चे आणि १९०६ चे खिशात मावणारे ६.३५ मिलिमीटरचे. नाव एक, काडतुसे तीन, आणि एकाचे दुसऱ्यात चालत नाही. सरकारी कागदावर नुसते ‘ब्राउनिंग’ दिसले की चरित्रकार खुशाल पुढे सरकतो. शस्त्रांच्या इतिहासात मात्र खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

१९०० च्या नमुन्याची रचना विलक्षण होती. नळी खाली, आणि तिच्या वर दुसऱ्या पोकळीत स्प्रिंग. गोळी सुटल्याच्या धक्क्याने स्लाईड मागे सरके, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाई, आणि तीच स्प्रिंग स्लाईडला पुढे आणताना मॅगझिनमधील पुढचे काडतूस नळीत सारी. मॅगझिनमध्ये सात काडतुसे मावत. या पिस्तुलाला नळी जखडून ठेवणारी कुलूपयंत्रणा नव्हती. स्लाईडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर यांवरच सारी भिस्त होती.

म्हणूनच अशा पिस्तुलाचे काडतूस फार काटेकोर असावे लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये दारू थोडी कमी पडली तर गोळी मंद जाते, पण चाप ओढताच चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात यंत्र चालवणारी शक्ती काडतुसातूनच येते. दारू कमी पडली तर स्लाईड अर्ध्यातच थांबते आणि पुंगळी अडकते. दारू जास्त झाली तर स्लाईड वेगाने मागे आपटते, सांगाड्याला तडे जातात, आणि पुंगळी पुरेशी मोकळी होण्याआधीच बाहेर ओढली गेली तर तप्त वायू थेट हाताकडे येतो.

यातून क्रांतिकारकांच्या इतिहासातील एक गोष्ट उलगडते. सेनापती बापट पॅरिसमध्ये बॉम्बविद्या शिकून आले, आणि बॉम्ब येथे घरोघरी तयार झाले. पिस्तुलाची काडतुसे मात्र समुद्रापारहूनच यावी लागली. पितळेची एकसारखी पुंगळी, ठोक्याने पेटणारे प्रायमर, बिनधुराची दारू आणि मापाची गोळी, या चार वस्तू कारखान्याशिवाय जुळत नाहीत. रिकामी पुंगळी पुन्हा भरावी म्हटले तर त्या काळच्या प्रायमरमधील पारा पितळेत मुरून त्याला ठिसूळ करी. युरोपातील बऱ्याच काडतुसांत बर्डन पद्धतीचे प्रायमर असे. त्यात पुंगळीच्या तळाशी मधोमध एक भोक नसून बाजूला दोन बारीक छिद्रे असत, त्यामुळे वापरलेले प्रायमर आतून ढकलून काढणेही कठीण जाई. पेटीतून आलेली काडतुसे हीच काय ती शिबंदी. ती संपली की पिस्तूल म्हणजे लोखंडाचा तुकडा. माझ्या मते सशस्त्र चळवळीच्या मर्यादा मोजताना पिस्तुलांच्या संख्येपेक्षा काडतुसांची संख्या पाहणे अधिक बोधक ठरेल. कलकत्त्यात २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा कंपनीचा माल पळवला गेला, त्यात ५० माउझर पिस्तुले होती आणि काडतुसे ४६,०००! पोलिसांची झोप उडवणारा आकडा हा दुसरा होता.

माउझरवरून आठवले. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यासाठी माउझर पिस्तुले ९ मिलिमीटरमध्येही बनवली गेली. मूळ ७.६३ चे पिस्तूल आणि हे नवे, बाहेरून एकसारखेच. गफलत होऊ नये म्हणून नव्याच्या लाकडी मुठीवर मोठा ‘९’ कोरून त्यात लाल रंग भरला. चुकीच्या काडतुसाची भीती खुद्द सैन्यालाही होती, याचा यापेक्षा ठळक पुरावा कोणता?

काही सापळे तर त्याहून फसवे आहेत. कोल्टच्या १९०० आणि १९०२ च्या पिस्तुलांचे ‘.३८ एसीपी’ आणि १९२९ चे ‘.३८ सुपर’ ही काडतुसे मापाने सारखी. नवे काडतूस जुन्या पिस्तुलात अलगद बसते, पण त्याचा दाब बराच अधिक असतो. त्या जुन्या कोल्टची स्लाईड पुढच्या टोकाला एका लहानशा पाचरीवर अडलेली असते. ती पाचर तुटली तर स्लाईड मागे सुटून थेट चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर येऊ शकते. काडतूस बसले म्हणजे ते योग्य, हा समज जुन्या पिस्तुलांपुरता साफ चुकीचा आहे. आकड्यांचेही तेच. ७.६५ ब्राउनिंगची पुंगळी जवळपास सरळ, तर लुगर पिस्तुलाच्या ७.६५ पॅराबेलमची बाटलीसारखी निमुळती. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीहत्येत वापरलेले बेरेटा ‘९ मिलिमीटर कोर्टो’चे, म्हणजे आखूड पुंगळीचे होते, त्याचा लष्करी ९ मिलिमीटर पॅराबेलमशी संबंध केवळ आकड्याचा.

याउलट एकाच काडतुसाची दोन नावेही असतात. युरोपातील ७.६५ ब्राउनिंग म्हणजेच अमेरिकेतील .३२ एसीपी. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती आपल्या खेडच्या राजगुरूंनी. त्या प्रसंगीचे भगतसिंगांचे .३२ कोल्ट, क्रमांक १६८८९६, इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात अनेक वर्षे काळ्या रंगाखाली अनोळखी पडून होते. रंग खरवडल्यावर क्रमांक दिसला आणि ओळख पटली. १९०० चे ब्राउनिंग आणि हे कोल्ट यांचे काडतूस एकच. आजही ते बनते. पोलिसांच्या पंचनाम्यांत ‘७.६५ केएफ’ असा छाप वाचायला मिळतो. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, अर्थात पुण्याजवळच्या खडकीचा १८६९ साली स्थापन झालेला दारूगोळा कारखाना.

मग खडकीचे ताजे काडतूस शंभर वर्षांच्या ब्राउनिंगमध्ये चालावे का? कागदावर माप जुळते. पण या काडतुसाची कड पुंगळीपेक्षा किंचित रुंद असते. आखूड, पोकळ नाकाच्या आधुनिक गोळीमुळे मॅगझिनमध्ये जागा सैल पडली की एकाची कड दुसऱ्याच्या मागे अडकून पिस्तूल ठप्प होते. मूळ रचना गोल नाकाच्या, संपूर्ण वेष्टित गोळीसाठी होती. त्यातच स्प्रिंग शतकभराने मऊ पडलेली असते, आणि जुन्या प्रायमरच्या क्षारांनी नळी आतून गंजलेली असते. जाणकार संग्राहक अशी पिस्तुले बहुधा चालवतच नाहीत.

आमचे येडशी पूर्वी निजामाच्या मुलखात, बार्शी लाईट रेल्वेवरचे एक स्टेशन. बार्शी इंग्रजी अमलात, म्हणजे सरहद्द हाकेच्या अंतरावर. अशा भागातील जुन्या वाड्याच्या माळ्यावर एखाद्या ट्रंकेत पिस्तूल निघाले तर मोह होतो. पण चाप ओढून पाहू नका आणि काडतूस तर मुळीच घालू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ जुन्या शस्त्राला सूट देते, मात्र ते दुरुस्तीनेही चालण्याजोगे नसेल तरच. चालू शकणाऱ्या पिस्तुलाला, आजोबांचे असले तरी, परवाना लागतो. परवाना नसेल तर ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. काडतुसे घरी भरणे हे परवान्याविना दारूगोळा बनवणेच होय, आणि ते कलम ५ खाली येते.

जमा करण्यापूर्वी पोलिसांच्याच समक्ष दोन गोष्टी टिपून घ्या: स्लाईडवरील कारखान्याचे नाव आणि क्रमांक. इंदूरच्या त्या कोल्टची ओळख एका क्रमांकावरूनच पटली होती.