कैद्याचा अंगठा आणि मुंबईची हद्द

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह किल्ल्यात आहे. १८१६ साली पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून निसटले, तेही ठाण्याच्या किल्ल्यातूनच. वकिली सुरू केल्यावर मी तिथे पहिल्यांदा गेले ती एका स्थानबद्धाचा सुटकेच्या अर्जावर अंगठा घ्यायला. शाईचं पॅड माझ्या पर्समध्ये होतं. अंगठा नीट उमटला, पण त्याखाली तुरुंगाधिकाऱ्याची साक्षांकनाची सही राहिली आणि अर्ज परत आला. ती सही मिळेपर्यंत अकरा दिवस गेले. ते अकरा दिवस त्या माणसाने आत काढले, हे मी विसरू शकत नाही.

आम्ही वकील ज्याला नुसतं 'हेबियस' म्हणतो, त्या देहोपस्थितीच्या अर्जाचा इतिहास मी त्यानंतर वाचू लागले. हुकूम सोपा आहे: माणसाला कोर्टापुढे आणा आणि कोणत्या अधिकाराने कोंडलंय ते सांगा. भांडण व्हायचं ते हा हुकूम कुठपर्यंत पोचतो यावर.

१८२८ साली मोरो रघुनाथ या चौदा वर्षांच्या मुलाला पुण्यात नातलगाने कोंडून ठेवल्याचा अर्ज मुंबईच्या सुप्रीम कोर्टात आला. कोर्टाने त्याला हजर करण्याचा हुकूम काढला. ईस्ट इंडिया कंपनीच्या तुरुंगातल्या बापू गणेश नावाच्या कैद्यासाठीही असाच हुकूम निघाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी अंमलबजावणीला साफ नकार दिला. त्यांच्या मते, मुंबई बेटाबाहेरच्या प्रजेवर या कोर्टाची सत्ताच नव्हती. त्याच वर्षी तीनपैकी दोन न्यायाधीश, वेस्ट आणि चेंबर्स, वारले. एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट मागे हटले नाहीत. हुकूम पाळले जात नाहीत म्हणून त्यांनी १८२९च्या एप्रिलमध्ये कोर्टच बंद केलं. हट्टी म्हणून त्यांना नावं ठेवली गेली; मला मात्र तो हट्ट योग्य वाटतो. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल माल्कमच्या बाजूने दिला. मुंबई शहराच्या हद्दीत राहणारा किंवा व्यक्तिशः कोर्टाच्या अमलाखाली येणारा माणूस नसेल, तर त्याच्यावर असा हुकूम काढता येणार नाही. कंपनीच्या कोर्टाच्या तुरुंगाधिकाऱ्यावरही नाही.

हद्दीची ही अट पुढे कायद्याच्या कलमांत घर करून राहिली. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४९१ने हायकोर्टाला कैद्याला हजर करवण्याचा अधिकार दिला, पण तो शहराच्या मूळ हद्दीपुरताच. १९२३च्या दुरुस्तीने तो अपिली हद्दीभर पसरला, तेव्हा कुठे पुण्यातल्या येरवड्याच्या कैद्याला ही वाट खुली झाली. संविधानाच्या कलम २२६ आणि ३२ने ती पक्की केली.

राहिली कागदांची अडचण. महाराष्ट्र सरकारने मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केलेल्या एका माणसाची आई, इच्छू देवी चोरारिया, १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. स्थानबद्धतेचा आधार असलेली कागदपत्रं आणि ध्वनिफिती मुलाला वेळेत मिळाल्या नव्हत्या. मुलगा सुटला. त्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी लिहून ठेवलं की अशा अर्जात मसुद्याच्या काटेकोर नियमांवर अडून बसायचं नाही. तुरुंगातून आलेलं साधं पोस्टकार्डही पुरे, आणि स्थानबद्धता कायदेशीर असल्याचं सरकारने दाखवायचं.

माझा अर्ज परत आला तो या निकालानंतर बऱ्याच वर्षांनी. त्या निकालाची प्रत आता माझ्या पर्समध्ये शाईच्या पॅडशेजारी असते.