मोटारघराच्या टपावरील ऊन

बुलढाणा जिल्ह्याला अजिंठ्याच्या डोंगररांगेनें दुभागलें आहे. घाटाखालीं मलकापूर, खामगांव, शेगांव हा पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या मातीचा मुलूख. जुन्या वऱ्हाडच्या दप्तरांत तो पयनघाट. घाटावर बुलढाणें, चिखली, मेहकर, लोणार, तो बालाघाट. खालीं वैशाखांत पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. वर पौषांतल्या पहांटे हात गारठतात. पूर्वीं साहेबलोकांचा दौरा निघे, तेव्हां तंबू, राहुट्या नि भांडींकुंडीं बैलगाड्यांवर लादून पुढें रवाना होत. मुक्कामाचें घर आणि प्रवासाची गाडी या दोन निराळ्या वस्तु होत्या. आतां त्या एक झाल्या आहेत. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण आणलें. ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग पुरता खुला झाला. आणि मेहकराजवळ उतरून लोणारचें सरोवर पाहावयास चाकांवरचें घर घेऊन जाणें ही सोपी गोष्ट झाली.

अशा मोटारघराचे दिवे, पंखे, पाण्याचा पंप नि लहानसा फ्रीज टपावरील सौर पॅनेलांच्या विजेवर चालतात. कांहीं वर्षांनीं मालकापुढें प्रश्न उभा राहतो, कीं जुनीं पॅनेलें ठेवावीं कीं काढून नवीं बसवावीं? वीज हवी तितकी वाढवितां येईल, पण टप वाढवितां येत नाहीं. सौर विजेचा सारा इतिहास या एका अडचणीभोंवतीं फिरला आहे.

सूर्याला चाकरीस लावण्याचा एक जुना प्रयत्न मुंबईंतच झाला. विल्यम अ‍ॅडम्स या सरकारी अधिकाऱ्यानें कुलाब्यांतील बंगल्याच्या आवारांत अनेक सपाट आरसे अर्धवर्तुळांत मांडले, त्यांचें ऊन एका बॉयलरवर एकवटविलें आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचें यंत्र चालविलें. त्यानें आठ बाजूंच्या आरशांची एक चूलहि केली होती; सात शिपायांचें अन्न तिच्यावर दोन तासांत शिजलें, तेंहि जानेवारी महिन्यांत. हें सर्व त्यानें १८७८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. गंमत अशी कीं, त्याच्या दोनच वर्षें आधीं, १८७६ त, लंडनच्या किंग्ज कॉलेजांत दुसऱ्याच एका विल्यम अ‍ॅडम्सनें आपल्या विद्यार्थ्याच्या साहाय्यानें सेलेनियमवर प्रकाश पाडून सरळ वीज मिळविली होती. मुंबईच्या अ‍ॅडम्सला उन्हाची उष्णता हवी होती, लंडनच्या अ‍ॅडम्सला उन्हाचा प्रकाश सांपडला. टपावरचें पॅनेल हें दुसऱ्याच्या वंशांतलें. आणि पहिल्याला जी उष्णता प्रिय, तीच या वंशाची वैरीण निघाली. तें पुढें येईलच.

सेलेनियमच्या पट्ट्या उन्हांतील शंभरांतला जेमतेम एक भाग विजेंत उतरवीत. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चॅपिन, फुलर व पिअर्सन या त्रयीनें सिलिकनची सूर्यघटिका दाखविली. तिनें ६ भाग उतरविले. तेवढ्यावर हुरूप येऊन १९६० च्या सुमारास तिकडे १९१२ सालच्या एका जुन्या बेकर विद्युत्‌मोटारीच्या डोक्यावर १०,६४० घटिकांचें भलें मोठें छत्र बसविण्यांत आलें. मोटारीच्या टपावर सूर्याची वीज चढली ती अशी. आपल्याकडे जुलै २०१७ मध्यें दिल्लीस एका रेलगाडीच्या डब्यांवर प्रत्येकी ३०० वॉटचीं सोळा पॅनेलें बसलीं. इंजिन डिझेलचेंच राहिलें, पण डब्यांतले दिवे नि पंखे उन्हावर चालूं लागले.

आतां हिशेब पाहावा. भर दुपारीं एका चौरस मीटरावर सुमारें १००० वॉटचें ऊन पडतें. टपावरील खिडक्या नि झडपा वगळून चार चौरस मीटर जागा उरली असें धरलें, तर १९५४ च्या घटिकेनें तेथें २४० वॉट मिळाले असते. शंभरांत १५ भाग देणाऱ्या जुन्या पॅनेलांनीं ६०० मिळतात. आजच्या २२ भागांच्या पॅनेलांनीं ८८०. टप तोच, वीज जवळजवळ दीडपट. पॅनेल बदलण्याचें खरें कारण हेंच. एरवीं चांगलें पॅनेल वीस-पंचवीस वर्षें काम देतें, आणि केवळ जुनें झालें म्हणून त्याला उतरविणें ही उधळपट्टी होय.

परंतु हे आंकडे कारखान्यांतले, आणि तेथें घटिकेची उष्णता २५ अंश धरतात. त्यापुढील प्रत्येक अंशामागें वीज शेंकडा ०.३ ते ०.४ घटते. शेगांवच्या मे महिन्यांत पत्र्याला चिकटविलेलें पॅनेल ७० अंशांपर्यंत तापलें, तर शंभरांतले चौदा-अठरा भाग तेथेंच गेले. दीडपटीच्या लाभांतला कांहीं भाग असा हातचा गेला म्हणावयाचा. म्हणून लवचीक, हलकीं, डिंकानें चिकटवावयाचीं पॅनेलें दिसावयास कितीहि सुबक असलीं, तरी वऱ्हाडांत तीं घेऊं नयेत. कांचेचें जड पॅनेल चौकटीवर उचलून बसवावें आणि खालून वारा खेळूं द्यावा. चौकटीसाठीं पत्र्याला पाडलेलीं भोंकें नीट बुजवावीं, नाहीं तर आषाढांत अंथरुणावर धार लागते.

दुसरी अडचण सांवलीची. माणूस गाडी निंबाखालीं लावूं पाहतो आणि पॅनेल ऊन मागतें. एकामागें एक जोडलेल्या घटिकांपैकीं थोड्यांवर फांदीची सांवली पडली, तरी साऱ्या ओळीचा प्रवाह खुंटतो. बगल देणाऱ्या डायोडांनीं नुकसान आंवरतें, टळत नाहीं. जुनें पॅनेल नव्याशीं एका ओळींत जोडणेंहि असेंच. खिलारी बैलाशेजारीं गोऱ्हा जुंपला, तर गाडी गोऱ्ह्याच्याच चालीनें चालावयाची.

तिसरी गोष्ट बहुधा विसरली जाते. जुनीं लहान पॅनेलें ३६ घटिकांचीं असत, तीं १२ व्होल्टच्या बॅटरीला साध्या नियंत्रकावर जुळत. नव्या मोठ्या पॅनेलांचा दाब बराच अधिक. साधा नियंत्रक हा जास्तीचा दाब वायां घालवितो, प्रसंगीं स्वतः जळतो. त्या दाबाचें उपयुक्त प्रवाहांत रूपांतर करणारा एमपीपीटी नियंत्रक पॅनेलांबरोबरच घ्यावा लागतो. आणि येथें बालाघाटाची थंडी आडवी येते: उन्हाळ्यांत वीज घटते, तसा थंडींत पॅनेलाचा दाब चढतो. तेव्हां नियंत्रक निवडतांना बुलढाण्याची जानेवारींतील पहांट हिशेबांत धरावी, दुपार नव्हे. जोडणी सोडतांना प्रथम पॅनेलाची तार काढावी, मग बॅटरीची; उन्हांतलें पॅनेल कळ दाबून बंद होत नाहीं, त्यावर जाड कापडच टाकावें लागतें.

उतरविलेल्या पॅनेलाचें काय करावें? सौर पॅनेलें २०२२ च्या ई-कचऱ्याच्या नियमांखालीं आलीं आहेत. फुटकें पॅनेल उकिरड्यावर टाकूं नये. तें नोंदलेल्या पुनर्वापरवाल्याकडे द्यावें. धड असलेलें मात्र अजून पुष्कळ वर्षें वीज देईल. मोटारीच्या टपावर जागेचा तुटवडा होता, म्हणूनच तें खालीं आलें. शेतांतल्या गोठ्याच्या छपराला तो तुटवडा नाहीं, आणि तेथें त्याचा दिवा रात्रभर जळूं शकतो.