मुक्ता नावाचा अर्थ काय? मोती की मुक्ती?

‘मुक्ता’ हे नाव मराठीत नवे नाही. आजी मुक्ताबाई आणि नात मुक्ता, अशी घरे आजही आहेत. मात्र मुलींच्या नावांच्या यादीत या नावापुढे कुठे ‘मोती’ लिहिलेले असते, तर कुठे ‘स्वतंत्र’. मग मुलीने मोठी झाल्यावर विचारले, तर नेमके काय सांगायचे? दोन्ही अर्थ बरोबर आहेत. ते एकाच नावात कसे आले, ते जाणून घेऊया.

मुक्ता नाव : थोडक्यात माहिती

• अर्थ : मोती, मुक्त झालेली, बंधनातून सुटलेली
• मूळ : संस्कृत
• कोणासाठी : मुलीचे नाव
• नावरास : सिंह (मघा नक्षत्राची अक्षरे मा, मी, मू, मे)
• जवळची नावे : मुक्ताई, मुक्ताबाई, मौक्तिका, मोतीराम, मोतीलाल

शब्द कुठून आला?

संस्कृतमध्ये ‘मुच्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ सोडणे, सोडवणे. त्यापासून ‘मुक्त’ हे विशेषण तयार झाले आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘मुक्ता’, म्हणजे सुटलेली. मोत्यालाही संस्कृतमध्ये ‘मुक्ता’ म्हणतात. शिंपल्यातून सुटून बाहेर येते ती मुक्ता, अशी त्याची पारंपरिक फोड आहे. ‘मुक्ता’वरूनच ‘मौक्तिक’ शब्द झाला आणि प्राकृतातून येता येता त्याचा मराठीत ‘मोती’ झाला. म्हणजे मुक्ता आणि मोतीराम ही नावे मुळात एकाच कुळातली!

मोत्याला तमिळ आणि कन्नडमध्ये ‘मुत्तु’ म्हणतात, तर तेलुगूत ‘मुत्यम’. त्यामुळे हा शब्द द्राविडी भाषांतून संस्कृतमध्ये गेला असावा आणि ‘मुच्’शी त्याचे नाते नंतर जोडले गेले असावे, असेही काही भाषाभ्यासक मानतात.

मोती हे कसले रत्न?

नवरत्नांत मोत्याचा समावेश होतो, पण हिरा किंवा माणकासारखा तो खाणीत सापडत नाही. शिंपल्यातल्या जिवाच्या शरीरात एखादा परका कण किंवा परजीवी शिरला की तो जीव त्याभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे चमकदार थर चढवत जातो. त्यातून मोती तयार होतो. स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही समजूत मात्र कविकल्पना आहे.

ज्योतिषात मोती चंद्राचे रत्न आणि चंद्र कर्क राशीचा स्वामी. मग मुक्ताची रास सिंह कशी, असा प्रश्न अनेकांना पडतो. नावरास पहिल्या अक्षरावरून ठरते, नावाच्या अर्थावरून नाही, एवढेच त्याचे उत्तर आहे.

‘मुक्ती’चा अर्थ इतका ठळक का झाला?

याचे कारण संत मुक्ताबाई. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही भावंडांची नावे ओळीने वाचून पाहा. निवृत्ती म्हणजे विरक्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना आणि शेवटी मुक्ती. या ओळीत मुक्ता म्हणजे दागिन्यातला मोती उरत नाही.

मुक्ताबाईंचा काळ इ.स. १२७९ ते १२९७ असा मानला जातो. संन्याशाची मुले म्हणून या भावंडांना समाजाने वाळीत टाकले होते. तरी रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांची समजूत काढणारे ‘ताटीचे अभंग’ या धाकट्या बहिणीच्या नावावर आहेत. वयोवृद्ध चांगदेवांनी तिला गुरू मानले, असे परंपरा सांगते. जळगाव जिल्ह्यातल्या एदलाबादचे नाव पुढे तिच्यावरून मुक्ताईनगर झाले.

परभणी जिल्ह्याचाही इथे धागा जुळतो. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. जनाबाईंच्या नावावरच्या अभंगात मुक्ताबाईंना आदिशक्ती म्हटले आहे.

दुसरी मुक्ता शाळेतली. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती.

परभणी आणि मोती

परभणीला समुद्र नाही, तरी मोत्याची ओळख जुनी आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि हैदराबादची चारमिनारजवळची मोत्यांची बाजारपेठ आजही प्रसिद्ध आहे.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर रब्बी ज्वारीच्या एका वाणालाच ‘परभणी मोती’ असे नाव दिले. पुढे ‘परभणी सुपर मोती’ही आला. टपोऱ्या, पांढऱ्या, चमकदार दाण्याला मोत्याची उपमा देणे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्यामुळे इथल्या मुलीला ‘मुक्ता म्हणजे मोती’ हे सराफाच्या दुकानाइतकेच शेतातही दाखवता येते.

या नावांशी गल्लत नको

• मुख्तार : हा अरबी शब्द आहे. अर्थ निवडलेला, अधिकार दिलेला. मुक्ताशी संबंध नाही.
• मुक्तेश्वर : यात ‘मुक्त’ आणि ‘ईश्वर’ आहेत, मोती नाही.
• मुक्ती : अर्थ सुटका. धातू तोच, पण या शब्दाला मोत्याचा अर्थ नाही.

नाव ठेवणार असाल तर

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नोंदीच्या वेळी नाव ठरले नसेल, तर ते वर्षभरात विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. कागदावर ‘मुक्ता’ हवे की ‘मुक्ताबाई’ हे आधीच ठरवा आणि इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागतो. त्यामुळे तिथली एका अक्षराची चूकही पुढे त्रास देते.

आणि लेकीने अर्थ विचारलाच, तर ‘मोती’ सांगून थांबू नका. शिंपल्यातून सुटली म्हणून ती मुक्ता, हेही सांगा.