ज्योतीभोवतीची जाळी

उत्तर इंग्लंडमधल्या फेलिंगच्या कोळसाखाणीत २५ मे १८१२ रोजी स्फोट झाला. ९२ जण गेले. त्यांत लहान पोरंही होती. आतली आग विझावी म्हणून खाणीची तोंडं बुजवावी लागली. ती पुन्हा उघडून मृतदेह बाहेर काढायला जुलै उजाडला. तिथले धर्मगुरू जॉन हॉजसन यांनी ही हकिकत छापली, तेव्हा बाहेरच्या जगाला तिची दखल घ्यावी लागली.

मारेकरी होता मिथेन. कोळशाच्या थरांतून तो झिरपतो, आणि त्या काळी उजेडासाठी खाणीत उघडी ज्योतच न्यावी लागे.

१८१५ मध्ये हे कोडं हम्फ्री डेव्हीकडे आलं. हा रसायनशास्त्रज्ञ कविताही करायचा, म्हणून माझ्यासारख्या कलाशाखेच्या माणसाला तो जवळचा वाटतो. खाणीतला वायू हवेत निरनिराळ्या प्रमाणात मिसळून त्याने पेटवून पाहिला. हवा थोडी असली तर वायू नुसता जळे. सात-आठ पट असली की स्फोट सर्वांत जोराचा. फारच वाढली की पुन्हा नरम.

आजच्या हिशेबाने मिथेनच्या एका मापाला ऑक्सिजनची दोन मापं लागतात, म्हणजे हवेची सुमारे साडेनऊ. वजनात मांडलं तर १६ ग्रॅम मिथेन ६४ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ३६ ग्रॅम पाणी देतो. दोन्हीकडे बेरीज ८०. वाण्याचा तराजूही इतका चोख नसेल! यातून निघणारी उष्णता सुमारे ८९० किलोज्यूल. काही वाया गेलं नाही, तर तेवढ्यात पावणेतीन लिटर पाण्याला उकळी येईल.

डेव्हीने अडवली ती ही उष्णता. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी, चौरस इंचाला ७८४ छिद्रं. वायू आत शिरून जळतो, पण धातू उष्णता ओढून घेतो आणि बाहेरचा वायू पेटण्याइतका तापत नाही. जानेवारी १८१६ मध्ये हा दिवा हेबर्नच्या खाणीत उतरला. ज्योतीवर निळसर टोपी दिसली, की वायू जवळ आहे हे कामगाराला कळे. डेव्हीने पेटंट घेतलं नाही. जॉर्ज स्टीफन्सननेही त्याच सुमारास दिवा केला होता. श्रेयाचा तो वाद इथे नको.

१८३५ मध्ये संसदीय समितीपुढे आलेला हिशेब मात्र वेगळाच होता. दिव्याआधीच्या अठरा वर्षांपेक्षा नंतरच्या अठरा वर्षांत खाणींत जास्त माणसं मेली होती. दिवा हाती आला म्हणून मालकांनी वायूच्या भीतीने सोडून दिलेल्या जागा पुन्हा खोदायला काढल्या होत्या, आणि आत हवा खेळती ठेवण्याकडे दुर्लक्ष केलं होतं.