ज्या आडाचं, त्याच आडात



१९८९ मध्ये मी मलकापूरहून मेहकरला सून म्हणून आले, तेव्हा पहिल्याच पहाटे सासूबाईंनी माझ्या हातात छन्ना दिला. माहेरीही आम्ही गाळूनच पाणी प्यायचो, पण ते नळाचं. इथे आड होता. सासूबाईंचं गाळणं अगदी नियमाचं: जाड सुती कापड, ३६ अंगुळं लांब, २४ अंगुळं रुंद, वापरताना दुहेरी. पाणी गाळून झालं की छन्ना उलटा धरून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं. खाली आलेली जिवाणी तळाला कडी असलेल्या बादलीत घ्यायची, बादली अलगद पाण्याला टेकवायची आणि मगच पालथी करायची. वरून ओतायची नाही. एकदा कंटाळा करून मी जिवाणी मोरीत ओतली. "ज्या आडाचं, त्याच आडात," एवढंच त्या म्हणाल्या आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

छन्न्याचं कौतुक पुढे शास्त्रज्ञांनीही केलं, फक्त नाव साडीचं होतं. बांगलादेशातल्या मतलब भागातल्या ६५ गावांत रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळायला सांगितलं. पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. अडकलेल्या जिवांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न मात्र वाचताना आपल्यालाच पडणार!

आता माझी चूक सांगते. नव्वदच्या दशकात आडावर झाकण पडलं, नळ आला आणि त्याच सुमारास पिशवीही आली. त्याआधी वाणसामानाला घरची पिशवी, तेलाला बरणी, दुधाला लोटी. आणि आपण राहतो कुठे, तर वऱ्हाडात! आपल्या खामगावचा कापूस विलायतेला न्यायला इंग्रजांनी १८७० साली जलंबहून खास रेल्वेचा फाटा काढला. त्या कापसाच्या मुलखातल्या बायका बाजारात रिकाम्या हाताने जाऊ लागल्या. हातात धरायची ती पातळ पिशवी मुळात स्वीडनमधल्या स्टेन थुलिन यांची कल्पना. १९६५ साली तिचं पेटंट झालं. आपल्याकडे पोचायला तिला पंचवीसेक वर्षं लागली, पण घर करायला दोन वर्षंही लागली नाहीत.

मंडळाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा महावीर जयंतीच्या मिरवणुकीत पाण्याचे पाऊच वाटायची कल्पना माझीच. चैत्राचं ऊन, रांजण उचलायला माणसं नाहीत. सगळ्यांनी वाहवा केली. मिरवणूक पुढे गेली, मागे रस्ताभर पाऊच राहिले आणि पहिल्या पावसात नाल्यात गेले. गाळलेल्या पाण्याचा आग्रह धरणाऱ्या आम्ही, पिशवी कुठे जाते हे एकीनेही विचारलं नाही. आपल्या पाच समित्यांपैकी शेवटची तर टाकायच्या वस्तूबद्दलच आहे. जागा नीट पाहून, जीव नाही ना बघून टाकायचं. ती साधूंसाठी, असं म्हणून आपण सुटतो.

कुठे जाते ते नकाशा पाहिल्यावर कळलं. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन भागांत, हे आपण बोलण्यात रोज वापरतो. पाणीही तसंच वाटलेलं आहे. घाटाखाली माझ्या माहेरची नळगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीला, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. घाटावर सासरची पैनगंगा मात्र पूर्वेकडे जाते. ती वर्धेला मिळते, पुढे प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. मलकापूरच्या नाल्यातली पिशवी एका समुद्राला, मेहकरच्या नाल्यातली दुसऱ्या! समुद्र न पाहिलेल्या कितीतरी बायका आमच्या मंडळात आहेत.

आणि लोणार? तिथून तर पाणी बाहेर जातच नाही. उल्केच्या आघाताने झालेला तो खोल वाडगा. आत गेलेलं आतच राहतं. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला असं पुण्याच्या आघारकर संस्थेने सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. गावाचं सांडपाणी आणि कचरा तिथे जातो, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. दर्शनाला गेलो की आपणही खाऊची पाकिटं घेऊनच उतरतो ना?

सरकार जागं झालं ते मुंबई बुडाल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुंबलेल्या गटारांत पिशव्याही होत्या. २००६ साली राज्याने अविघटनशील कचऱ्याचा कायदा केला आणि त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदी आली. त्या यादीत पाण्याचे पाऊच होते. साडीच्या दुकानात मिळणारी, कापडासारखी दिसणारी पिशवीही होती. ती कापडाची नसतेच, प्लास्टिकचीच असते. माझ्या कपाटात तशा चाळीस निघाल्या.

त्याच २०१८ च्या उन्हाळ्यात भारतीय जैन संघटनेने शासनाबरोबर आपल्या जिल्ह्यातल्या तलावांचा गाळ काढायला घेतला. आपल्या समाजाचं काम म्हणून किती अभिमान वाटला होता! काळाभोर गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेला. आमच्या भाऊजींनीही जवळच्या तलावातला आणून पसरला. मी पाहायला गेले तर ढेकळांतून प्लास्टिकची टोकं वर आलेली. भाऊजींनी एक ओढून काढलं. पाण्याचा पाऊच होता, छपाई अजून वाचता येत होती. आमच्या मिरवणुकीतलाच असेल असं नाही. पण नसेल, असंही मला म्हणता येईना. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, ते मला ठाऊक होतं.

जो पाऊच अख्खा सापडला तो बरा म्हणायचा. वाईट तो, ज्याचा भुगा होतो. इंग्लंडच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ साली किनाऱ्याच्या वाळूत तंतूंएवढे बारीक प्लास्टिकचे कण दाखवले. १९६० च्या दशकापासून जपून ठेवलेले समुद्रातल्या सूक्ष्म जिवांचे नमुने त्यांनी तपासले, त्यांतही हे कण होते आणि काळाबरोबर वाढलेले होते. ज्या बारीक जिवांना आपण बादलीने अलगद परत सोडायचो, त्यांच्याच शेजारी. आपल्या न चुरगळणाऱ्या साड्या धुतानाही असे तंतू सुटतात. त्यातले सगळ्यात बारीक दुहेरी छन्न्यातून आरपार जातात.

गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत मी रांजणांचा विषय काढला. "उचलणार कोण?" हा जुना प्रश्न पुन्हा आलाच. शेवटी चार रांजण आणि स्टीलचे दोनशे पेले ठरले. पेले घासायला पहिल्या दिवशी माझं नाव लिहिलंय, दुसऱ्या दिवसाची जागा अजून रिकामी आहे.